उत्तर न देण्याची रीत

लग्नानंतरच्या पहिल्याच आश्विन पौर्णिमेला माझ्या सासऱ्यांनी माझ्यासमोर हात जोडले आणि विचारलं, "बाई, पाच महिने झाले तुला या घरात येऊन. माझी काय गलती दिसली असंल तर सांग."

मी स्वयंपाकघरात खिरीच्या पातेल्यात पळी फिरवत उभी होते. हातातली पळी तशीच राहिली आणि खीर बुडाशी लागली, ते मला आजही आठवतं. माझं माहेर औशाचं. तिथं मोठी माणसं चूक करत नसत. म्हणजे करत, पण त्या चुकीला दुसरंच काहीतरी नाव असायचं. वडिलांनी ताट भिरकावलं तर भाजी खारट झालेली असायची, आणि काकांनी दिलेला शब्द फिरवला तर दिवसच तसे आलेले असायचे. सासरा सुनेसमोर हात जोडून उभा राहतो, हे मी कधी ऐकलंही नव्हतं.

"मामा, तुमची कसली गलती?" मी म्हणाले. "काही नाही हो."

"म्हंजे तू माझ्याकडं अजून नीट बघितलंच न्हाई," ते म्हणाले. रागावून नाही, नोंद केल्यासारखं. मग माझ्या नवऱ्याकडे वळले आणि त्यालाही हात जोडून तेच विचारलं. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता सांगितलं, "तुम्ही टीव्हीचा आवाज लई मोठा ठेवता आणि कमी करा म्हटलं की रुसता."

"हाव," सासरे म्हणाले. "ध्यानात आलं."

एवढंच. 'अरे मला ऐकू कमी येतं', 'तूच आधी तिरकं बोलतोस', असं काही नाही. मी वाट बघत होते, आता वाजणार म्हणून. काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टीव्ही हळू झाला, आणि रुसवा बंद झाला तो कायमचा.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. उभी हयात नांदेड-देगलूर रस्त्यावर गेली आणि माझ्या लग्नाच्या वर्षीच ते रिटायर होऊन नायगावच्या घरी आले. आमचं घर बौद्ध. आषाढापासून आश्विनापर्यंत वर्षावास असतो, तेव्हा विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, शेवटच्या पौर्णिमेला समारोप आणि खीर. हे गावोगाव चालतं. पण घरातल्या माणसांसमोर हात जोडून आपली चूक विचारायची, ही रीत आमच्याच घरची, आणि ती मामांनी पाडलेली. मामा तरुण असताना विहारात आलेल्या एका भंतेंनी सांगितलं होतं की पावसाचे तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू शेवटच्या दिवशी एकमेकांपुढे बसतात आणि म्हणतात, माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. विहारातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि खीर खाऊन घरी गेले. मामा मात्र घरी येऊन बायकोसमोर बसले.

ती हकीकत त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मी शाळेतून आले होते, ते अंगणात बसून तूरडाळीतले खडे निवडत होते, आणि मी सहज विचारलं, की पहिल्यांदा विचारलंत तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या.

"लई तापट होतो मी तवा," मामा म्हणाले. "घरात पाय टाकला की पोरं चिडीचूप. मला वाटायचं, काय इज्जत हाय आपली, काय शिस्त हाय घराला. तर ती म्हनली, तुमी आल्यावर पोरं गप बसत न्हाईत, घाबरत्यात. तुमी ड्यूटीवर गेल्यावर बघा एकदा, हेच घर किती बोलतंय."

ते डाळ निवडत राहिले. मी नोकरीनं शिक्षिका, त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवणारी. माझा वर्ग तालुक्यात सगळ्यात शांत म्हणून नावाजलेला. तरी त्या दिवशी ही गोष्ट मी 'मामांची' म्हणूनच ऐकली. माझा तिच्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

त्यांच्या रीतीला तशा दोनच अटी होत्या. विचारायचं ते ज्यांच्याबरोबर राहतो त्यांनाच, गावाला नाही. आणि समोरचा जे सांगेल त्याला उत्तर द्यायचं नाही. खरं असो, खोटं असो, अर्धवट असो. 'ध्यानात आलं' म्हणायचं आणि उठायचं. मग पुढचं वर्षभर एकट्यानं त्याच्याकडे बघत राहायचं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिनं सांगितलं, "आबा, माझी गोष्ट अर्धी होते तेव्हाच तुम्ही झोपता." त्या वर्षी आमच्या घरात एक नवीन स्टूल आलं. पाठ टेकायला जागा नसलेलं. मामा त्यावर ताठ बसून नातीच्या गोष्टी ऐकायचे, आणि तिच्या गोष्टी अशा की त्यात हत्ती आला की तो परत जायचंच नाव घेत नसे. साठी ओलांडलेला माणूस डुलकी लागू नये म्हणून बिनपाठीच्या स्टुलावर बसतो, हे बघून मला आधी हसू यायचं. हळूहळू ते यायचं थांबलं. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, प्रशिक्षणांत पाहिली, व्यासपीठांवर पाहिली. स्वतःला इतकं मन लावून दुरुस्त करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आणि मी? मी वीस वर्षं खीर ढवळली.

दरसाल मामा विचारायचे, नवरा विचारायचा, पुढं मुलगीही विचारायला लागली. माझी पाळी आली की पातेलं उतू जायला लागायचं, नाहीतर दारात कुणीतरी यायचं. मामांनी कधी जबरदस्ती केली नाही. खरं सांगायचं तर मला गरजच वाटत नव्हती. विहारात ग्रंथ वाचायचा मान माझा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. बायका म्हणायच्या, बाईंनी वाचलं की समजून सांगावं लागत नाही. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत होतं. औशाची मिरची म्हणून नवरा चिडवायचाच. पण मला ती जीभ आवडायची. वाटायचं, आपण तोंडावर खरं बोलतो, एवढाच आपला दोष.

मुलगी बारावी झाली, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकली, आणि आम्ही तिला लातूरला रिपीटर बॅचला घातली. क्लासजवळचं मुलींचं हॉस्टेल, दोघींत एक खोली, मेस. आमच्या भागात यात काही विशेष नाही. नांदेडकडून लातूरकडं जाणाऱ्या निम्म्या गाड्यांत डबे घेतलेले आईबाप असतात.

तो वर्षावास सुरू झाला तेव्हा मला एक कल्पना सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. मुलगी विहारापासून लांब, अभ्यासाचा ताण, तिच्या कानावर चार चांगले शब्द पडायला हवेत. म्हणून रोज वाचनाच्या वेळी मी तिला फोन लावायची, स्पीकर सुरू ठेवून फोन ग्रंथाशेजारी ठेवायची आणि वाचायची. विहारातल्या बायका कौतुकानं बघायच्या. वाचता वाचता मधे थांबून मी अर्थ सांगायची तेव्हा आवाज जरा फोनकडे वळवायची. आळस, चंचल मन, वेळेचं मोल, असलं काही आलं की दोन वाक्यं जास्तच सांगायची. वाचन संपलं की फोन उचलून विचारायची, "ऐकलंस ना?" ती म्हणायची, "हं."

भाद्रपद संपेपर्यंत तिच्याकडे 'हं' शिवाय दुसरा शब्द उरला नाही. मी बोलायची, ती 'हं' म्हणायची. मग एक दिवस तिनं बापाला मेसेज केला की दिवाळीच्या सुट्टीत येत नाही, इथेच थांबते. मी फोन करून फैलावर घेतलं. ती ऐकत राहिली. त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला, की मुलगी मेसमध्ये खाली येत नाही, ताट खोलीत मागवते, अर्धं परत पाठवते, कुणाशी बोलत नाही. बाई शेवटी म्हणाल्या, "जरा लक्ष असू द्या, मॅडम."

लातूरला मूल ठेवलेल्या प्रत्येक आईच्या पोटात एक भीती असते. तिचं नाव ती घेत नाही. बाजारात दुसरी तशीच आई भेटली तर दोघी मेसच्या जेवणाबद्दल बोलतात. त्या फोननंतर दोन दिवस मी वर्गात फळ्यावर चुकीची उदाहरणं सोडवली. मुलांना ते कळलं, पण माझ्या वर्गात कुणी बोलायचं नाही अशी पद्धत.

मी मामांकडे गेले. "तुमचं ती ऐकते," मी म्हणाले. "तुम्ही तिला समजावून सांगा."

मामांनी चष्मा काढला. "समजावनारे तिला लई हायत, माय. तिला इचारनारं कोन हाय?"

"काय विचारायचं?"

"मी दरसाल इचारतो ते. पुनव परवा हाय. उद्याच्या गाडीनं जाऊ. तू इचार, मी बाजूला बसतो."

मला खरंच राग आला. माझी लेक एकोणीस वर्षांची. तिचे लंगोट मी धुतले, पाढे मी पाठ करून घेतले, तिच्यासाठी जीव अर्धा झाला, आणि मी तिच्यापुढे हात जोडायचे? "मामा, मी तिची आई आहे," मी म्हणाले.

"मी बी तुझा सासरा होतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून लातूरची गाडी धरली. मामा नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसले. त्यांना तिथंच बसायचं असतं, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबतो. लोह्याचा स्टँड मागे पडला. मामा म्हणाले, "ध्यानात ठेव. उत्तर द्यायचं न्हाई. एक बी न्हाई."

"मला काय कळत नाही का?" मी म्हणाले.

"हेच," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

खरं सांगते, अहमदपूर ते चाकूर या टप्प्यात मी सात उत्तरं तयार केली. ती म्हणेल तुम्ही मला जबरदस्तीनं पाठवलं, तर मी म्हणेन की तूच फॉर्म भरलास. ती म्हणेल तू सारखी रागावतेस, तर मी म्हणेन की कुणासाठी? अशी सातही. एकाहून एक बिनतोड. लातूर आलं तेव्हा मी परीक्षेला तयार झालेल्या पोरीसारखी गाडीतून उतरले.

हॉस्टेलच्या खाली भेटायला येणाऱ्यांसाठी एक खोली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नियमांचा तक्ता. मुलगी खाली आली. गळ्याची हाडं दिसत होती. केस नुसते बांधलेले. मला भडभडून आलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "रविवारच्या टेस्टला किती आले?"

"पाचशे दहा," ती फरशीकडे बघत म्हणाली.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. नीट नाही जोडले. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर जोडतात तसे, अर्धवट. म्हणाले, "माझी काही चूक दिसली असेल तर सांग."

मुलीनं आधी माझ्याकडे, मग आबांकडे बघितलं. तिला वाटलं असावं की आम्ही काहीतरी वाईट बातमी घेऊन आलोय.

"तुझी आई इचारून राहिली," मामा म्हणाले. "सांग. तिला उत्तर द्यायची परवानगी न्हाई."

ती समोरच्या खुर्चीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "तू वाचायला लागलीस की मी फोन उशीखाली ठेवायचे. तीन महिने. मला फक्त शेवटचा 'ऐकलंस ना' ऐकू यायचा, कारण तेव्हा तू ओरडतेस."

विहारातल्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. माझा खणखणीत आवाज, माझे स्वच्छ उच्चार, आणि वर उशी. "अगं, मी तुझ्यासाठीच तर..." मी सुरू झाले.

मामांनी खुर्चीच्या हातावर बोटानं एकदाच टकटक केलं. कंडक्टरच्या एका घंटेला गाडी थांबते. मी थांबले. सातांपैकी एकही उत्तर या गोष्टीसाठी नव्हतं, तरी आठवं आपोआप तयार झालं होतं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"अजून आहे?" मामांनी तिला विचारलं.

आता ती माझ्याकडे बघत होती. "तुझा पहिला शब्द कायम 'किती' असतो," ती म्हणाली. "आत्तासुद्धा. मला ताप आला होता तेव्हासुद्धा. मी जेवले का, झोपले का, हे तू नंतर विचारतेस, आणि तेही मार्क चांगले असले तरच. कमी आले की मी जेवले का हे तू विचारतच नाहीस. मी बघितलंय. मग मला पण जेवावंसं वाटत नाही."

मला बोलायचं होतं. हे खोटं आहे असं ओरडायचं होतं. कुठली आई असं करते? पण त्या खोलीत येऊन अजून दहा मिनिटं झाली नव्हती, आणि माझा पहिला शब्द आम्ही तिघांनीही ऐकला होता.

"ध्यानात आलं," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता.

मला वाटलं, आता ती गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. "झालं?" ती म्हणाली. "मला डाउट सेशनला जायचंय." आबांच्या पाया पडली, डबा घेतला आणि जिना चढून गेली. जिन्यावर वळताना तिनं मागे बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मी चाकूरपर्यंत रडले. मग राग आला, मुलीचा, मामांचा, त्या भंतेंचा. मामांना म्हणाले, "काय उपयोग झाला? ती तर तशीच गेली."

"तू थांबलीस," मामा म्हणाले. "मला पयल्या साली जमलं न्हवतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुझी सासू म्हनली ना, पोरं घाबरत्यात. मी तिच्यावर वरडलो. कोन घाबरतंय, म्हनलं, बोलवा त्यांला. पोरं आली आन् भिताडाला लागून हुबी राहिली. तुझा नवरा सगळ्यात बारका. तवा दिसलं मला." त्यांचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. "तरी मी तिला पुन्यांदा इचारलं न्हाई, दोन साल. हिंमतच झाली न्हाई. तू एका टकटकीत थांबलीस, माय. लई हाय ते."

वीस वर्षं मी या माणसाला जन्मजात शांत समजत होते. देणगीच असते एकेकाला, असं म्हणून त्याचं कौतुकही केलं होतं. कौतुक सोपं पडतं, त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. त्या सीटवर मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं त्यांनी एकेक वर्ष करून, हातानं केलेलं आहे. आणि ते मलाही करता आलं असतं. खीर ढवळायला दुसरं कुणीही चाललं असतं.

घरी आल्यावर मी मोबाईल उघडला आणि मुलीला पाठवलेले मेसेज वर सरकवत गेले. मला वाटत होतं एखादा तरी निराळा सापडेल. 'किती?' 'किती आले?' 'आज किती?' 'रँक?' मधेच 'किती ते सांग आधी.' तिच्या वाढदिवसाच्या दिवशी शुभेच्छा होत्या, लांबलचक, फुलांची चित्रं घातलेल्या. त्यांच्या खाली, दोन मिनिटांनी, 'कालचे किती?' मी वर वर जात राहिले. बारावी. अकरावी. दहावी. त्याच्या आधी तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून तिथं थांबले.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. गणित शिकवता शिकवता मी माझ्या लेकीलाही उत्तर म्हणूनच बघत आले होते, आणि वर विहारात बसून लोकांना मनाच्या गोष्टी समजावत होते.

दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, समारोपाचं वाचन होतं. मी गेले, पण ग्रंथ शेजारच्या मुलीपुढे सरकवला आणि मागे बायकांत बसले. ती अडखळत वाचत होती. जोडाक्षर आलं की थांबायची, आणि माझी जीभ आपोआप पुढे यायची. मी ती आत ओढून बसले. पाऊण तास तेवढंच केलं, घाम आला. आणि अडखळत वाचल्यामुळे असेल, पण मी ज्या ओळी इतकी वर्षं म्हणत आले होते त्या पहिल्यांदा ऐकल्या.

मुलीला फोन करायचा तर काय बोलायचं, हा मोठाच प्रश्न होता. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिते: मार्क सोडले तर माझ्या मुलीला विचारायला माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता. तिच्या खोलीत राहणारी मुलगी कुठली, मला माहीत नव्हतं. मेसची कुठली भाजी तिला चालते, माहीत नव्हतं. 'जेवलीस का' विचारायचं तर ते आता पाठ केल्यासारखं वाटलं असतं. म्हणून चार दिवस मी फोनच केला नाही. मामांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायची, ते डाळ निवडायचे, मीही निवडायची.

रविवारी तिची टेस्ट असते. त्या रविवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. लातूरला गेल्यापासून तिनं आपणहून केलेला तो पहिला.

"आई," ती म्हणाली.

"बोल," मी म्हणाले. आणि तो शब्द आला. टाळूला येऊन चिकटला. मी तोंड मिटून घेतलं. तिच्याकडून रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज येत होता.

"आहेस ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"आज टेस्ट होती."

"हं," मी म्हणाले, आणि 'हं' म्हणायला किती जोर लागतो ते मला कळलं.

"तू विचार ना."

"तुला सांगायचंय का?"

ती थांबली. इतका वेळ थांबली की मी फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे ना ते.

"नाही," ती म्हणाली.

"मग नको सांगूस."

तेव्हा ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहान असताना रडायची तशी, नाक ओढत. मला काहीही सांगितलं नाही तिनं, का ते सांगितलं नाही, किती ते सांगितलं नाही. आणि मी, जिला सातवीच्या वर्गात कुणाचा हुंदका ऐकू आला की 'पुरे आता' म्हणायची सवय, मी फोन धरून बसून राहिले. ती रडत होती आणि मी ऐकत होते. मामा समोर बसले होते. त्यांनी डाळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि उठून आत गेले.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. "मी शनिवारी येऊ घरी?" तिनं विचारलं. "दोन दिवस. नुसतीच."

'शनिवारी तर क्लास असतो.' हे वाक्य सगळंच्या सगळं, कर्त्या-क्रियापदासकट, माझ्या दातांपर्यंत येऊन उभं होतं.

"ये," मी म्हणाले.